सातव्या महिन्याच्या फोटोतली साडी

आत्याबाई,

तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा कपडे धुतले, तेव्हा माझी निळी साडी पिळून मी अंगणातल्या दोरीपर्यंत नेली आणि तशीच परत आत आणली. मोरीतल्या दांडीवर टाकली, तुम्ही टाकत होता तशी. मला कुणी अडवलं नव्हतं. अडवणारं माणूस आता घरात नाही.

उद्या तुमचं पुण्यानुमोदन आहे. मिलिंद म्हणतो, तू लिहिणारी आहेस, आईवर चार ओळी लिही, मी सगळ्यांसमोर वाचून दाखवतो. तुम्ही कुठल्या गावच्या, किती लेकरं झाली, कशानं गेलात, हे ऐकायला लोक येतील. त्यातलं मी काही लिहिणार नाही. ते त्यांना माहीत आहे. आठवडाभर माणसं भेटायला येतात आणि सांगतात, म्हातारी शांत होती, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी मान हलवते आणि मनात म्हणते, यांना आत्याबाई ठाऊकच नाहीत. तुम्ही शांत नव्हता. तुम्ही पाळतीवर होता.

आणि मी तुमच्या पाळतीवर होते.

लग्न होऊन, तुमची सून म्हणून पूर्णेच्या या रेल्वेच्या क्वार्टरात आले तेव्हाच हे सुरू झालं. घरातले सगळे कपडे अंगणात वाळायचे. मिलिंदचे खाकी कपडे, तुमची लुगडी, माझ्या पिवळ्या-गुलाबी साड्या. निळी तेवढी आत, ओल्या भिंतीला. मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, "बाहीर इंजिनाचा कोळसा बसतोय गं."

"कोळसा काय रंग बघून बसतो?"

"आलं बगा पत्रक," म्हणून तुम्ही भाकरी थापायला लागलात.

मला राग आला तो त्या शब्दाचा नाही. मी पत्रकांवरच वाढले. माझ्या दादांनी मला अक्षरं पत्रकांवर शिकवली. छापलेली बाजू वाचायची, मागच्या कोऱ्या बाजूवर गणितं करायची. 'बंधू-भगिनींनो' हा मी वाचलेला पहिला अवघड शब्द. पुढं नामांतराच्या चळवळीत मी स्वतः पत्रकं लिहायला लागले. निळी साडी ही माझी मोर्चाची साडी. ती नेसून मी पोलिसांच्या गाडीत बसले होते, घोषणा देत. ती साडी तुम्ही माझ्याच घरात चोरून आणलेल्या मालासारखी वाळत घालत होता. मी तेव्हाच ठरवलं, या बाईंवर लक्ष ठेवायचं. यांनी हार मानली आहे, आणि ही हार या हळूहळू माझ्या अंगावर घालतील.

मग मला सातवा लागला आणि तुम्ही एक दिवस म्हणालात, "स्टेशन रोडवर जाऊन फोटू काढून यावं."

मी कान टवकारले. तुम्हाला स्वतःला फोटोचं वावडं. आमच्या लग्नात फोटोवाला फिरकला की तुम्ही पदर तोंडावर घेऊन पाठ फिरवायचात. त्या तुम्हाला आता फोटो हवा झाला? या क्वार्टरांत सातव्यातल्या बायकांचे फोटो काढायची टूम निघाली होती, हे खरं. मोगऱ्याचा मुकुट, फुलांचे बाजूबंद, हातात पुठ्ठ्याचं धनुष्य आणि मागं पडद्यावर रंगवलेला बंगला, ज्याच्या पायऱ्या कुठंच पोचत नाहीत.

"आपल्यात डोहाळे, ओटी यातलं काही करत नाहीत," मी म्हटलं. "प्रतिज्ञा घेतल्यात आपण."

"वटी कोन भरायलंय? निस्ता फोटू."

"पण कशाला?"

तुम्ही शेंगा फोडत बसला होता. मान वर केली नाहीत. "बाळंतपण हाय. जगशील, न जगशील. लेकराला दाखवायला काय तरी पायजे का न्हाई?"

आत्याबाई, कुणाच्या सासूनं सुनेला असं तोंडावर सांगितलं असेल? मी आधी सुन्न झाले. मग मला हसू फुटलं. "मग तुमचाच काढू या की. वय तुमचं झालंय."

"माजा बगून लेकरू भेईल," तुम्ही म्हणालात आणि एक सोललेला दाणा माझ्या हातावर ठेवलात.

मी तो दाणा खाल्ला, पण तुमचं कारण मला पचलं नाही. दुसऱ्याच दिवशी तुम्ही बाजारातून हिरवी साडी आणलीत. जरीच्या काठाची, मला न विचारता. तेव्हा मला वाटलं, आता सापडलं. फोटो हे निमित्त आहे. तुम्हाला मला हिरवी नेसवायची आहे. चार घरच्या बायकांसारखी सजवून, चार घरच्या बायकांत उभी करायची आहे, म्हणजे ही कोण, कुठली, असं कुणी विचारायला नको.

आणि माझा संशय खरा करायला विमलताई आल्याच. शेजारच्या क्वार्टरातल्या तिकीट क्लार्कच्या बायको. बाई वाईट नाहीत, ते मी आजही म्हणते. हातात फुलांच्या दागिन्यांचा डबा होता. स्वतःच्या सुनेचे, कापडी फुलांचे, पुन्हा पुन्हा वापरता येणारे. दारातच उभ्या राहून त्यांनी हिरव्या साडीवरून हात फिरवला आणि गोड आवाजात विचारलं, "तुमच्यात हिरवीच नेसतात ना?"

तुमच्यात. तो शब्द तुम्ही ऐकलात, मीही ऐकला. आपल्या दोघींचे हात एकदमच थांबले. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं, आमच्यात म्हणजे कोणात, हे एकदाच सांगून टाकावं. पण तुम्ही माझ्या आधी बोललात.

"समद्यात नेसतेत," तुम्ही म्हणालात. "बसा की. च्या टाकती."

विमलताई बसल्या नाहीत. डबा ठेवून गेल्या. त्या गेल्यावर मी तुमच्यावर तुटून पडले.

"का सांगितलं नाही?"

"काय सांगायचं?"

"आपण कोण ते."

"तिला ठाव न्हाई असं वाटतंय का तुला? तिला माज्या तोंडून ऐकायचं होतं. म्या कामून ऐकवू?"

"मी ही साडी नेसणार नाही. मी निळी नेसणार. माझ्या लेकराचा पहिला फोटो निळ्यात निघेल."

तुम्ही उठून दार लावून घेतलंत. भर दुपारी. कडी घातलीत आणि मग हळू आवाजात बोललात. "त्यो फोटूवाला चांगले फोटू दुकानाच्या काचेत लावतोय. येनारा-जानारा समदा बाजार बगतोय. निळं नेसून, पोट घेऊन तू त्या काचेत बसनार का?"

"बसेन."

"बस. मोर्च्यात तू येकटी जात होतीस. आता येकटी न्हाईस."

"म्हणजे पहिल्याच फोटोत लेकरानं लपायचं? जन्माच्या आधीच?"

"लपायचं न्हाई. दिसायचं न्हाई. लय फरक हाय त्यात."

मला त्यात काडीचा फरक दिसत नव्हता. तसं मी म्हटलंही. तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं तुम्ही त्या आगीबद्दल बोललात. विद्यापीठाच्या नावावरून जिल्हा पेटला, तेव्हा झरीकडचं तुमचं घर जाळलं, एवढंच मला मिलिंदनं सांगितलं होतं.

"गावाला आमी कोन ते ठाव होतं," तुम्ही म्हणालात. "माज्या सासऱ्याच्या आज्यापासून ठाव होतं. तवा न्हाई जाळलं. मिलिंदानं वर निळा झेंडा लावला अन् त्यो लांबून दिसाया लागला, तवा जाळलं."

"मग दोष झेंड्याचा?"

"दोष कुनाचा ते तू लिव्ह. तुला लिव्हता येतंय. मला घर राखायचंय."

पुढं आपण बोललोच नाही. म्हणजे बोललो, पण भिंतीशी. 'भाकर झाली म्हणावं.' 'भूक न्हाई म्हणावं.' मिलिंदची ड्यूटी अशा वेळी नेमकी लांबच्या स्टेशनावर लागायची. परत आला की तो दोन्ही साड्यांकडं बघायचा आणि म्हणायचा, "मी काय नेसू तेवढं सांगा."

त्या वादात मी बरोबर होते. हे मी आजही मागं घेणार नाही. तुम्ही मेलात म्हणून तुमचं म्हणणं खरं ठरत नाही. तुम्हालाही ते आवडलं नसतं. जिवंतपणी जे पटलं नाही ते मेल्यावर पटल्याचं सोंग कुणी केलं की तुम्ही म्हणायचात, "आता कामून रडायलीस? तवा पानी द्यायचं हुतं."

पण एक गोष्ट मला तेव्हाही जुळवता येत नव्हती. निळ्या साडीला भिणारी बाई पोलिसाला भीत नव्हती.

मला तिसरा होता तेव्हाची गोष्ट. मोर्चाच्या आधी पत्रकांचा गठ्ठा घरात होता आणि शिपाई दारात. तुम्ही गठ्ठ्यावर गोधडी टाकून त्यावर बसलात. तो म्हणाला, "उठा म्हातारे, घर बघायचंय." तुम्ही गुडघा धरलात. "उटवत न्हाई बाबा. वात हाय. तूच उचल." तो मागं सरकला. वर तुम्ही त्याच्यासाठी मला चहा करायला लावलात, त्याच्या आईची चौकशी केलीत, तिच्या गुडघ्यावर लावायला निरगुडीचा पाला सांगितलात. तो गेल्यावर मी म्हटलं, "केवढं खोटं बोलता तुम्ही!"

"तू लिव्हतीस मोठ्यानं. मी बोलती हळू," तुम्ही म्हणालात, आणि गोधडी बाजूला करून एक पत्रक काढलंत. "काय लिव्हलंय, वाच."

मी वाचलं. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत. "शेवटचं लय लांब हाय," म्हणालात. "लोक उभ्यानं वाचतेत." मी चिडले होते. पण पुढच्या पत्रकाचा शेवट मी छोटा केला, आणि त्याच्या पुढच्याचाही. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगते.

फोटोच्या दिवशी आपण निघालो, तेव्हा कापडी पिशवीत दोन्ही साड्या होत्या. वर हिरवी, खाली निळी. कुणी कुठली ठेवली यावरही आपण बोललो नाही. विमलताईंचा डबा तुम्ही घरीच ठेवलात, ते मी पाहिलं. मला वाटलं, विसरलात. आता वाटतं, तुम्ही काही विसरणाऱ्या नव्हता.

दुकानात शिरल्याशिरल्या तुम्ही फोटोवाल्या करीमभाईंची उलटतपासणी सुरू केलीत. मी शरमेनं बाजूला झाले.

"दुकान तुमचंच का भाड्याचं?"

"भाड्याचं हाय, अम्मा."

"हितं कोन कोन बसतंय?"

"मी बसतो. भाई बसतो."

"सांजच्याला कुलूप कोन लावतंय? अन् काचेत कंचा फोटू लावायचा ते कोन ठरवतंय? ज्याचा फोटू हाय त्याला इचारतेत का न्हाई?"

करीमभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "अम्मा, फोटो काढायला आल्या का जप्तीला?"

तुम्ही हसला नाहीत. पण बाकावर बसलात. आत एका नवरा-नवरीचा फोटो चालला होता, म्हणून थांबावं लागलं. समोरच्या भिंतीवर फोटोच फोटो. मुंजीचे, लग्नाचे, शाळेचे, सातव्यातल्या बायकांचे. तुम्ही एकेकाकडं निरखून बघत होता. मी दुसरीकडं बघत होते. बऱ्याच वेळानं तुमचं कोपर मला लागलं.

"अगं सुजे."

भांडणानंतर तुम्ही मला पहिल्यांदा हाक मारली होती.

"यात हिरवं कंचं हाय?"

मी भिंतीकडं बघितलं. "कशात?"

"या समद्यात. अन् निळं कंचं?"

आत्याबाई, भिंतीवर एकही रंग नव्हता. काळा, पांढरा आणि राखाडी. जन्मापासून आपण दोघींनी काळे-पांढरेच फोटो पाहिलेले. आपल्या घरात भिंतीवर दोन फोटो आहेत तेही काळे-पांढरेच. आणि तरी आपण हिरव्या-निळ्यावरून एकमेकींशी बोलणं तोडलं होतं, कडी लावून भांडलो होतो, आणि दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही की फोटोत हे दिसणारच नाही.

आधी तुम्ही हसलात. तुमचं ते आवाज न करता हसणं, नुसतं पोट हलायचं. मग मी. माझं पोट आधीच पुढं आलेलं, ते हलायला लागलं तर कळच आली. करीमभाई आतून डोकावले. "क्या हुआ? बाळंत होते का इथंच?"

त्या बाकावरचा तो वेळ मला हवा आहे. बाकी काही कुणी मागितलं तर देऊन टाकीन. तो नाही.

कारण पुढं तुम्ही लगेच ते वाक्य बोललात. डोळे पुसले, पिशवीत हात घातलात, खालची निळी साडी वर काढलीत आणि खुशीत येऊन म्हणालात, "मंग निळीच नेस की! कुनाला कळतंय!"

माझं हसू जागच्या जागी विझलं. कुणाला कळतंय. म्हणजे मोरीतली दांडीच की. निळी नेसायची, पण दिसत नाही म्हणून. "कुणाला कळणारच नसेल तर मला निळी नेसायचीच नाही," मी म्हटलं.

"मंग?"

"हिरवी द्या."

"आता गं बया! इतके दिस तर..."

"द्या हिरवी. निळी नेसेन ती सगळ्यांना कळेल अशी नेसेन. चोरून नेसायला ती चोरीची नाही."

"काई भी नेसा," करीमभाई म्हणाले, "मगर जल्दी. लाईट जाते."

पडद्यामागं तुम्ही मला साडी नेसवलीत. निऱ्या पोटाखाली घेतल्या तर सुटायच्या, वर घेतल्या तर पाय उघडे पडायचे. तुम्ही जमिनीवर बसून एकेक निरी धरलीत. तोंडात टाचणी होती, म्हणून बोलता येत नव्हतं. मी वरून तुमचा भांग बघत होते. टाचणी लावून झाल्यावर तुम्ही वर बघितलंत आणि म्हणालात, "नेसलीस का न्हाई शेवटी हिरवी?"

तेव्हा तुमच्या डोळ्यांत जे होतं, त्यानं मला आजपर्यंत स्वस्थ बसू दिलेलं नाही. तुम्ही मला ओळखून होता. मला हो म्हटलं की मी नाही म्हणते, हे तुम्हाला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं. मग ते 'कुनाला कळतंय' तुम्ही मुद्दाम म्हणालात का? निळी पुढं केली म्हणजे ही हिरवी मागेल, असा हिशेब होता का तो? का खरंच तुम्हाला वाटलं होतं की दोघींचंही होईल असा मार्ग सापडला? घरी येताना रेल्वेच्या पुलावर मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "चाल, पाय सुजतेत." हे उत्तर झालं का?

धनुष्य मी घेतलं नाही. स्टुलावर हात ठेवून सरळ उभी राहिले, मोर्चात उभी राहते तशी. करीमभाई म्हणाले, "थोडं हसा, भाभी, हे काय निवेदन देणं नाही." मग तुम्हाला म्हणाले, "अम्मा, तुम्हीही या. सुनेच्या बाजूला." तुम्ही पडद्याच्याही मागं गेलात. मी हाक मारली. तुम्ही आतून म्हणालात, "लेकराला माय दिसू दे. म्हातारी कशाला?"

आणि मग आठच दिवसांत तुम्हीच गेलात. मी नाही. 'जगशील, न जगशील' म्हणालात ते माझ्याबद्दल.

उद्यासाठी मिलिंदनं सगळ्या ट्रंका उपसल्या. पाहुण्यांकडं निरोप पाठवले. तुमचा एक फोटो नाही. होते ते गावातल्या घरात जळले, आणि पुढं तुम्ही एकही काढू दिला नाहीत. उद्या पाटावर मेणबत्ती लागेल, फुलं असतील, आणि मधली जागा रिकामी. माझ्या लेकराला तुम्ही दिसणार नाही. दिसायचं न्हाई, लपायचं न्हाई. बघा आता तुमचा फरक.

म्हणून काल मी करीमभाईंकडं गेले. म्हटलं, त्या दिवशीचं चुकून काही निघालं असेल, कुठल्या कोपऱ्यात तुम्ही आला असाल. त्यांना तुमचं कळलं नव्हतं. कळल्यावर ते खाली बसले. मग म्हणाले, "नाही बेटी. अम्मा एकाही फोटोत नाही. मैंने बहुत कहा." आणि उठून आतून एक पाकीट घेऊन आले. "हे तुमचं तयार होतं. मीच पाठवणार होतो."

मी पाकिटातून फोटो काढला. काळा-पांढरा नव्हता. हातानं रंग भरलेला होता. गालांना गुलाबी, पडद्यावरच्या बंगल्याला पिवळा, काठाला सोनेरी. आणि साडी निळी.

मी म्हटलं, "हे चुकलंय. साडी हिरवी होती."

"मालूम है. फोटो मीच काढला की." करीमभाईंनी फोटो माझ्या हातातून घेऊन उजेडाकडं धरला. "अम्मा पुन्हा आल्या होत्या. एकट्याच. म्हणाल्या, रंग भरता येतो का? मी म्हटलं येतो. म्हणाल्या, साडी निळी कर. मी म्हटलं, अम्मा, सुनेला विचारलं का? तर म्हणाल्या, तिला इचारलं तर ती भांडती."

आत्याबाई, मी त्या बाकावर बसले. फोटो मांडीवर घेतला. निळा अगदी माझ्या साडीचा नाही, थोडा फिका आहे. एका निरीच्या टोकाशी रंग भरायचा राहिलाय, तिथं अजून राखाडी आहे. त्याच निरीला तुम्ही टाचणी लावली होती. मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं. त्या आणखी काय म्हणाल्या? हसत होत्या का? रागात होत्या का? का म्हणाल्या, हे काही बोलल्या का? करीमभाई म्हणाले, "नाही. कुलूप कोण लावतं ते पुन्हा विचारलं."

हे तुम्ही कशासाठी केलंत? मला जिंकू दिलंत, का मला गप्प केलंत? मनातून तुम्हाला निळंच हवं होतं आणि भीती हिरवी होती, असं मी लिहू शकते. ते पत्रकात चांगलं दिसेल. पण तुम्ही तसं कधी म्हणाला नाहीत, आणि तुमच्या तोंडी मी शब्द घालणार नाही. मला एवढंच कळतं की काळ्या-पांढऱ्यात जे कुणाला दिसलं नसतं, ते तुम्ही स्वतः चालत जाऊन दिसेल असं करून घेतलंत.

मी निघाले तेव्हा करीमभाई म्हणाले, "फोटो अच्छा आया है. दुसरी कॉपी मी माझ्यासाठी रंगवून ठेवलीय. काचेत लावू का?"

"त्या काही म्हणाल्या का, काचेचं?"

"काचेचं? नाही."

तुम्ही पहिल्या दिवशी त्यांना काचेचं विचारलं होतंत. दुसऱ्या खेपेला विसरलात, हे मी मानणार नाही. तुम्ही ते माझ्यासाठी सोडलंत. हो म्हणायला काय लागतं, असं मला एरवी वाटलं असतं. पण हो तोंडातून निघेना. मी दारातून बाहेर बघितलं. बाजार भरलेला होता. टांगे, हमाल, पानाच्या टपरीवर टेकलेली माणसं. त्यांच्यातल्या एकेकाकडं मी बघत राहिले, तुम्ही भिंतीवरच्या फोटोंकडं बघत होता तशी. पोटात बाळ फिरलं. आणि मी करीमभाईंना विचारलं, "ही टपरी कुणाची? तिथं कोण बसतं? काचेला रात्री फळी लावता का? कुणी काही बोललं तर तुम्ही काय सांगाल?"

करीमभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. या वेळी जप्तीचा विनोद केला नाही. एकेका प्रश्नाचं नीट उत्तर दिलं. फळी ते स्वतः लावतात. टपरी त्यांच्या मेव्हण्याची आहे. कुणी विचारलं तर सांगतील, पूर्णेचीच पोरगी आहे, सातवा होता.

"लावा," मी म्हटलं.

त्यांनी एका नवरदेवाचा फोटो काढून त्या जागी माझा लावला. मी बाहेर आले. लगेच घरी गेले नाही. रस्ता ओलांडून पलीकडं, दाण्याच्या दुकानाच्या ओट्यावर जाऊन उभी राहिले. माणसं मधून येत-जात होती. चेहरा कुणाचा ते तिथून ओळखू येत नव्हतं. पोट आलंय हेही कळत नव्हतं.

निळं कळत होतं, आत्याबाई. लांबून कळत होतं.